वृद्धांचे मूत्रपिंड सांभाळताना : अहवाल, गोळ्या, जेवण आणि पुढचे निर्णय

सत्तरीच्या आसपासच्या माणसाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिनच्या आकड्याशेजारी वर जाणारा बाण छापून आला की घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे डायलिसिसचे यंत्र उभे राहते आणि त्याच संध्याकाळपासून आजीच्या ताटातली डाळ, मासे, फळे नाहीशी होतात. नाही तर ‘या वयात एवढे चालायचेच’ म्हणून तो कागद फाइलमध्ये जातो आणि पुढच्या आजारपणापर्यंत कोणी तो पुन्हा उघडत नाही. दुसऱ्या प्रकाराने अधिक नुकसान होते, पण पहिलाही निरुपद्रवी नाही. म्हातारपणी मूत्रपिंडाची क्षमता आज किती आहे यापेक्षा ती कोणत्या वेगाने उतरत आहे हे जास्त महत्त्वाचे असते, आणि तो वेग पुष्कळदा घरातल्या घरात टाळता येण्याजोग्या धक्क्यांनी वाढलेला असतो. हे धक्के कोणते आणि ते कसे चुकवावेत, हा या मार्गदर्शिकेचा मुख्य विषय आहे.

अहवाल कसा वाचावा

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ आहे. स्नायू कमी असलेल्या माणसात तो मुळातच कमी तयार होतो, म्हणून कृश झालेल्या वृद्धाचा आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसत असतानाही मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटलेली असू शकते. क्रिएटिनिन १.२ असलेला तीस वर्षांचा तरुण आणि तेवढेच क्रिएटिनिन असलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी यांची तुलना केली, तर सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राप्रमाणे तरुणाचा ईजीएफआर सुमारे ८३ येतो आणि आजीचा सुमारे ४६. ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडांमधून मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो याचा वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून बांधलेला अंदाज. प्रयोगशाळेने तो छापला नसेल तर मागून घ्यावा; क्रिएटिनिनचा सुटा आकडा घेऊन निष्कर्ष काढू नये. माणूस फारच हडकुळा झाला असेल किंवा त्याचा एखादा पाय कापावा लागला असेल, तर सिस्टॅटिन-सी नावाच्या वेगळ्या तपासणीने अंदाज अधिक खरा निघतो, मात्र ती महाग पडते आणि सगळीकडे होत नाही.

दुसरी तपासणी लघवीची. तीत अल्ब्युमिन नावाचे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण, म्हणजे एसीआर, पाहिले जाते. ही तपासणी स्वस्त आहे आणि तरीही सर्वांत जास्त विसरली जाते. ते प्रमाण ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्ये असेल तर मूत्रपिंडाची गाळणी पाझरू लागली आहे असे समजावे, आणि ३०० च्या वर गेले तर तज्ज्ञाकडे जायला वेळ लावू नये. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असताना ही तपासणी केली तर आकडा फसवा येतो. तसेच आदल्या रात्री मटणाचे भरपेट जेवण झाले असेल तर क्रिएटिनिनही तात्पुरते वर जाते, हे लग्नसराईच्या आणि कार्निव्हलच्या दिवसांत ध्यानात ठेवलेले बरे.

‘दीर्घकालीन’ हा शब्द लावण्यासाठी बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. एकाच अहवालावरून कोणाच्याही माथी हा आजार मारू नये. ईजीएफआर ४५ ते ५९ मध्ये आहे, लघवीत अल्ब्युमिन नाही आणि दोन-तीन वर्षांचे आकडे जवळजवळ सारखेच आहेत, अशा ऐंशीच्या घरातल्या माणसाला डायलिसिस लागण्याची शक्यता फार कमी असते. त्याला खरा धोका हृदयाचा आणि पक्षाघाताचा असतो. चाळिशीनंतर ईजीएफआर वर्षाला साधारण एकाने उतरतच असतो, त्यामुळे अशा वृद्धांना ‘रोगी’ म्हणावे का यावर तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत. याउलट वर्षभरात तो पाचापेक्षा अधिक घसरला, ३० च्या खाली आला, लघवीतून रक्त जाऊ लागले, पोटॅशियम वारंवार वाढलेले दिसले किंवा तीन-चार औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञाची वेळ घ्यावी. गोव्यात यासाठी बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ, आहेच. पण सुरुवातीच्या तपासण्या म्हापशाच्या उत्तर गोवा जिल्हा इस्पितळात, ज्याला लोक अजून आझिलो म्हणतात, किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात करून घेता येतात. तपासण्यांचे कागद हातात असले की बांबोळीची पहिली फेरी फुकट जात नाही.

एकदा पोटाची सोनोग्राफी मात्र व्हायलाच हवी. पुरुषांमध्ये वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवी तुंबून मूत्रपिंडांवर दाब येतो, आणि हा बिघाड वेळेत कळला तर बराचसा भरून निघतो. रात्री चार-पाच वेळा उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी करूनही मोकळे न वाटणे या तक्रारी वडीलधारी माणसे संकोचाने सांगत नाहीत. मुलाने किंवा नातवाने त्या सरळ विचारून घ्याव्यात.

एक वही ठेवावी आणि तीत तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, वजन आणि रक्तदाब एवढेच लिहावे. गोव्यात कितीतरी घरांत मुले आखातात किंवा जहाजावर असतात आणि आई-बाबा इथे एकटे राहतात; अशा वेळी त्या पानाचा फोटो दर वेळी मुलांना पाठवण्याची पद्धत ठेवली तर दूरच्या माणसालाही उतार दिसतो आणि फोनवरून उगाच घाबरवणे थांबते.

गोळ्यांचा डबा

मूत्रपिंडाला बसणाऱ्या टाळता येण्याजोग्या धक्क्यांपैकी बरेचसे या डब्यातून येतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा चिकनगुनियानंतर रेंगाळलेली सांधेदुखी यांसाठी फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हा सर्वांत मोठा गुन्हेगार. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफिनॅक ही त्यातली नेहमीची नावे. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवून धरणारी शरीराची यंत्रणा या गोळ्या बंद पाडतात. तरुण माणसाला दोन दिवसांत त्याचे काही वाटत नाही, पण ईजीएफआर ४० असलेल्या वृद्धेला तेवढे दोन दिवसही पुरतात. फसगत अशी होते की ‘पॅरासिटामॉलच आहे’ म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक संयुक्त गोळ्यांत ॲसिक्लोफिनॅक मिसळलेले असते. म्हणून पाकिटावरचे ठळक नाव वाचून न थांबता खालच्या बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. साधे पॅरासिटामॉल डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत त्यामानाने सुरक्षित आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यावर शेक व मलम यांनी भागत असेल तर तेच करावे.

यापेक्षाही घातक एक तिहेरी संगम आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, अंगावरची सूज उतरवणारी लघवीची गोळी आणि त्यावर वेदनाशामक, ही तिन्ही एकत्र आली आणि त्यात जुलाब किंवा उन्हाने अंगातले पाणी घटले, की काही दिवसांतच मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. यातून कोणी असा अर्थ काढू नये की टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल वाईट. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर हीच औषधे मूत्रपिंडाचे रक्षण करतात. ती सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावे. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर सहसा औषध थांबवत नाहीत. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते बंद करणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत, आणि पुढे त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते.

गेल्या काही वर्षांत डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या, मूळच्या मधुमेहासाठी आलेल्या, गोळ्यांनी मूत्रपिंडाचा उतार मंदावतो हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे, आणि मधुमेह नसलेल्यांनाही त्यांचा उपयोग होतो. भारतात त्यांच्या जेनेरिक आवृत्त्या आल्यापासून त्या सामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात आल्या आहेत. सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरून मग स्थिरावतो, हे आधीच माहीत असलेले बरे. गुप्तांगाची स्वच्छता काटेकोर ठेवावी लागते, कारण तिथे बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. आपल्या रुग्णाला ही गोळी चालेल का, असा प्रश्न डॉक्टरांना आपणहून विचारायला काहीच हरकत नाही.

मूत्रपिंड मंदावले की बाकीच्या औषधांचाही हिशेब बदलतो. मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनची मात्रा ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर साधारणपणे कमी करतात आणि ३० च्या खाली ते बंद करतात. पायांच्या आगीसाठी दिले जाणारे प्रीगाबालिन अंगात साचून झोप, तोल जाणे आणि पडणे यांना कारण होते. मधुमेही आजीची साखर काहीही न बदलता ‘छान’ येऊ लागली, पूर्वीपेक्षा कमी इन्सुलिनवर भागू लागले, तर घरचे खूश होतात. प्रत्यक्षात इन्सुलिन शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड नीट करीत नसल्याची ती खूण असू शकते, आणि पुढची पायरी पहाटे साखर अतिशय उतरण्याची असते.

काढे आणि गावठी औषधांबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. झाडपाल्याचे आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज खरा नाही. ॲरिस्टोलोचिया कुळातील वनस्पती, आणि आपल्याकडील सापसंद याच कुळातली आहे, मूत्रपिंडाला कायमची इजा करतात आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरतात. काही भस्मांत पारा आणि शिसे सापडलेले आहे. ‘किडनी साफ करणारे’ म्हणून जे काही विकले जाते ते घेऊ नये.

आजारपणाचे आणि उकाड्याचे दिवस

उलट्या, जुलाब, भरपूर ताप किंवा दोन दिवस नीट जेवण-पाणी न गेलेले असेल, तर मेटफॉर्मिन, लघवीची गोळी, टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही तात्पुरती थांबवण्याची पद्धत आहे. कोणती गोळी थांबवायची आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे माणूस धडधाकट असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. रात्री दोन वाजता कोणाला विचारायला मिळत नाही. मार्च ते मे या काजूच्या हंगामात बागेत वावरणारी वयस्क मंडळी उन्हात तासन्‌तास असतात आणि वर हुर्राकाचा एखादा ग्लास होतो. मद्याने पाणी अधिकच उत्सर्जित होते, त्यामुळे तहान भागल्यासारखे वाटले तरी शरीर कोरडे पडलेले असते.

पावसाळ्यात शेतात किंवा साचलेल्या पाण्यात पाय घातल्यानंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे आणि लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. या तापावर घरी वेदनाशामक देत बसणे मूत्रपिंडाला दुहेरी मार देणारे आहे. त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.

पाण्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. दिवसाला चार-पाच लिटर पाणी प्यायल्याने मूत्रपिंड ‘धुऊन’ निघत नाही. हृदय कमजोर असलेल्या किंवा पायांवर सूज असलेल्या वृद्धाला त्याने श्वास लागू शकतो आणि रक्तातले सोडियमही उतरू शकते. सूज नसलेल्याने तहानेप्रमाणे, उकाड्यात थोडे अधिक प्यावे. सूज असलेल्याने डॉक्टरांनी आखून दिलेल्या मापात प्यावे. काणकोण तालुक्यात मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्यांतही मूत्रपिंडविकाराचे रुग्ण आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय संशोधनात आहेत. त्या भागातल्या साठीपुढच्या माणसांनी काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि एसीआर करून घ्यावे.

ताटात काय असावे

पहिली कात्री मिठावर. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचाभर, ही मर्यादा आहे. उकड्या तांदळाची पेज स्वतः निर्दोष आहे, पण तिच्यासोबत येणारे खारवलेले बांगडे, सुकी सुंगटे, मिठाच्या पाण्यात मुरवलेली तोरे (कैऱ्या), लोणचे आणि पापड यांतून मर्यादा न्याहारीलाच ओलांडली जाते. पिढ्यान्‌पिढ्यांची ही जोडी एका दिवसात तोडा म्हटले तर म्हातारी माणसे पेजच सोडतील. त्यापेक्षा सुकी मासळी आठवड्यातून एखाद्या दिवसावर आणावी, ती भरपूर पाण्यात भिजवून आणि पाणी फेकून मगच शिजवावी, आणि इतर दिवशी पेजेला उसळ किंवा बिनमिठाची भाजी द्यावी. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ते नेहमीच्या मिठापेक्षा धोक्याचे ठरू शकते.

प्रथिनांबाबत अतिरेकी पथ्य करणाऱ्यांनी जरा थांबावे. डायलिसिस नसलेल्या रुग्णाला किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने सांगितली जातात, म्हणजे पन्नास किलोच्या आजीला सुमारे ४० ग्रॅम. शंभर ग्रॅम ताज्या मासळीत त्यातली जवळजवळ निम्मी मिळतात. मासे पूर्ण बंद करून तिला भात-कढीवर ठेवले तर स्नायू झिजतात, पाय लटपटतात आणि एक दिवस न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते. ज्यांची भूक आधीच मेली आहे आणि वजन उतरत आहे, त्यांच्यावर पथ्य लादण्याआधी आहारतज्ज्ञाला विचारावे.

पोटॅशियमचे पथ्य सर्वांना नसते. ते रक्तात वाढलेले असेल तरच पाळायचे. तेव्हा शहाळे आणि केळी यांवर आवर घालावा, तांबडी भाजी आणि इतर पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून टाकावे. शहाळे पौष्टिक म्हणून आजारी माणसाला रोज पाजण्याची आपली सवय येथे उलटते, कारण एका पेल्यात पाचशे मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम जाते.

गोव्यातल्या परसातली दोन फळे मात्र पोटॅशियम ठीक असतानाही वर्ज्य समजावीत. कापल्यावर चांदणीच्या आकाराच्या चकत्या पडणारे कमरख, ज्याला इथे करमल म्हणतात, त्यात मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष असते. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. मंदावलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र थोड्या फळानेही न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात आणि मृत्यूच्याही नोंदी आहेत. दुसरे बिंबल. आमटीत आंबटपणासाठी एखाददुसरे पडले तर वेगळे, पण कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी त्याचा रस पिण्याची टूम निघाली तेव्हा त्यातील ऑक्झलेटमुळे चांगली मूत्रपिंडेही अचानक बंद पडल्याची उदाहरणे केरळातून नोंदली गेली.

रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसवून मोजावा आणि मग उभे करून एक ते तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिकने पडत असेल तर औषधाची मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. १३०/८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य आहे, तरी भोवळ येऊन पडणाऱ्या नव्वदीतल्या माणसाला त्या आकड्यासाठी हट्टाने दाबत नेण्यात शहाणपण नाही.

पुढचे निर्णय

ईजीएफआर ३० च्या खाली आला की रक्त काढण्यासाठी आणि सलाईनसाठी हाताच्या पाठीवरच्या शिरा वापरायला सांगाव्यात; विशेषतः ज्या हाताने माणूस काम करीत नाही त्याच्या मनगटापासून वरच्या शिरा राखून ठेवाव्यात. पुढे डायलिसिस लागलाच तर त्याच हातावर फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी यांचा जोड, करतात, आणि तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते काही महिने जातात. ही तयारी न झालेल्यांना घाईघाईने मानेतून नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्ग तिथूनच सुरू होतो. हिपॅटायटिस-बी, फ्लू आणि न्यूमोनिया यांच्या लसीही याच काळात उरकून घ्याव्यात. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली, तर रंगद्रव्य देण्याआधी ईजीएफआरचा आकडा डॉक्टरांसमोर ठेवावा.

डायलिसिस करावा की करू नये, हा प्रश्न कुटुंबाने रुग्ण शुद्धीवर आणि शांत असताना त्याच्याच समोर बोलून ठेवावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला सुमारे चार तास, त्याशिवाय येण्याजाण्याचा शीण. सत्तरीतल्या, बाकी धडधाकट माणसाला हे झेपते आणि त्याची काही वर्षे चांगली जातात. घरच्या घरी पोटातून करायचा डायलिसिसही आहे, सांगे किंवा पेडण्याच्या आतल्या गावातून दर खेपेची धावपळ न झेपणाऱ्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. परंतु ऐंशीच्या पुढे, हृदय कमजोर, स्मृती गेलेली आणि अंथरुणाला खिळलेली अवस्था असेल, तर डायलिसिसने आयुष्य फारसे वाढत नाही आणि उरलेले दिवस इस्पितळात जातात. अशा वेळी डायलिसिसशिवाय सूज, खाज, मळमळ, दम आणि वेदना यांवर उपचार करीत राहणे हा मान्य वैद्यकीय मार्ग आहे. तो निवडणाऱ्या मुलांनी आईला ‘टाकले’, असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे नीट समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांनीही घ्यावी.

खर्चाची बाजू आधीच बघावी. किमान पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी २०१६ पासून असलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीनपर्यंत सदस्य असलेल्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांना चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. सत्तरी पूर्ण झालेल्यांसाठी केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले असून त्याची मर्यादा वर्षाला पाच लाख आहे. कार्डाचे नूतनीकरण झाले आहे की नाही हे वर्षातून एकदा तपासावे, आणि त्याची एक प्रत गोळ्यांच्या डब्यासोबत ठेवावी.